साठ अंशांचा हट्ट

चांदूर बाजारात भूमितीवर व्याख्यान ठेवणं हे संयोजकांचं धाडसच म्हणायचं. त्यातून आम्ही आयुष्यभर शिकवलं तत्त्वज्ञान, गणित नव्हे. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, आणि त्याला कारण हे गाव आहे.

घरी गेल्यावर नकाशा उघडून बघा. चांदूर बाजार साधारण २१ अंश १४ कला उत्तर अक्षांशावर येतं, रेखांश पावणेअठ्ठ्याहत्तरच्या जवळपास. याच रेखांशाच्या आगेमागे, कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्रिकोणांची एक साखळी मांडली गेली. लांबी सुमारे २४०० किलोमीटर. इंग्रजांनी तिला ‘ग्रेट आर्क’ म्हटलं. विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून या कामाला हात घातला. १८१५ मध्ये बिदरजवळ दमरगिद्याच्या बाजूला आणखी एक रेषा मोजली, आणि तिथून साखळी उत्तरेकडे आपल्या वऱ्हाडात आली. वऱ्हाडातलं तिचं ठाणं टाकळखेडा. अक्षांश २१ अंश ६ कला, म्हणजे आपल्यात आणि त्यात दहा कलांचासुद्धा फरक नाही. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं, एलिचपूर हे मोठं ठिकाण होतं, आणि या सपाट काळ्या जमिनीवर शंभर फुटी पोलादी साखळ्या अंथरून आधाररेषा मोजली जात होती. साल १८२२.

लॅम्बटनला पुढचं काम बघायला मिळालं नाही. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला हा सत्तरीच्या घरातला माणूस जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. सूत्रं जॉर्ज एव्हरेस्टकडे आली. पुढे ज्याचं नाव शिखराला दिलं गेलं तोच हा. त्याची तब्येत इतकी खालावलेली होती की निरीक्षणाच्या वेळी माणसांनी उचलून जागेवर बसवावं लागे. पावसाळा सरताना हवा धुतल्यासारखी होते, लांबचं दिसतं, म्हणून मोजणीला तोच हंगाम चांगला. आणि हिवतापाचा हंगामही नेमका तोच. साहेबांची दुखणी ग्रंथांत नोंदली गेली. डोंगरमाथ्यावर झेंडे धरून उभे राहणारे, अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र खांद्यावरून वर चढवणारे खलाशी त्याच तापाने गेले. त्यांच्या कबरी कुठे आणि नावं काय, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

आता आमचा प्रश्न असा, की हे लोक सगळीकडे त्रिकोणच का शोधत होते? आणि त्यातही तिन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या असाव्यात हा हट्ट कशासाठी?

पहिलं उत्तर सोपं आहे. चार काठ्या टोकांना बांधून चौकट करा, ती इकडून ढकलली की तिकडे कलते. तीन काठ्यांची चौकट कलत नाही. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले की सगळा त्रिकोण ठरला. म्हणून जमिनीवर साखळी टाकून एकच बाजू मोजायची, बाकी सगळीकडे फक्त कोन मोजत जायचं. हिशेबाने मिळालेली नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, त्याच्यापुढे आणखी एक. नदी असो, जंगल असो, साखळी ओढत न्यायची गरज नाही. नजर पोचली की झालं. आपल्या जुन्या शेतमोजणीत ‘शंकू-साखळी’ म्हणत ती रीत याहून वेगळी बरं का. तिथे वावरात काटकोन पाडून, साखळीनेच लांब्या मोजून हिशेब व्हायचा. वावर लहान असतं, चालून जायचं.

दुसरं उत्तर चुकीशी निगडित आहे. कोन मोजताना चूक होणारच. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. उत्तम यंत्राचीही एखाद्या विकलेची चूक होते. ती चूक पुढे लांबीत किती उतरते हे त्रिकोणाच्या आकारावर ठरतं. बैलगाडीच्या दोन वाटा आडव्या एकमेकींना कापत असतील तर कुठे कापतात ते बोट ठेवून सांगता येतं. पण जवळजवळ एकाच दिशेने जाणाऱ्या दोन वाटा अगदी हळूहळू एकमेकींत मिसळत असतील, तर नेमक्या कुठे मिळाल्या हे सांगताना चांगलंच अंतर मागेपुढे होतं. अरुंद कोनाचं असंच आहे.

आकडाच घ्या. अचलपूर, मोर्शी आणि अमरावती यांचा त्रिकोण मनात काढा. चांदूर बाजार त्याच्या पोटात, वरच्या बाजूला लागून येतं. या तीन गावांमधली सरळ अंतरं पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरच्या आगेमागे, आणि तिन्ही कोन साठपासून फार दूर नाहीत. समजा बाजू ४८ किलोमीटरची आहे आणि कोन साठ अंशांचा. एका विकलेच्या चुकीने बाजूत फरक पडेल सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तोच कोन दहा अंशांचा असता तर तेवढ्याच चुकीने १ मीटर ३२ सेंटिमीटरचा फरक पडला असता. दसपट! आणि हा एका त्रिकोणाचा हिशेब. साखळीत असे कितीतरी त्रिकोण एकापुढे एक. मग कोणी म्हणेल, कोन मोठा ठेवा, नव्वद करा. एकाला नव्वद दिलेत की उरलेल्या दोघांना मिळून नव्वदच राहतात. तिघांपैकी कुणीच फार लहान नको असेल तर साठ-साठ-साठ ही वाटणी आपोआप होते.

हे आम्ही वर्गात अनेक वर्षं सांगत आलो. समता कशी नैतिक मूल्यच नव्हे, तर भूमितीतही ती लाभाची, वगैरे. विद्यार्थ्यांना आवडायचं. मग एकदा व्याख्यानानंतर मोजणीच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, ‘सर, आमच्या पुस्तकात तर छप्पन अंश चौदा कला लिहेल हाये. मंग तुमचे साठ काहून?’

आम्हाला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तक पाहिलं, हिशेब करून पाहिला. गृहस्थ बरोबर होते. एक बाजू माहीत आहे, उरलेल्या दोन्ही बाजू सारख्याच अचूक मिळायला हव्यात, तर सर्वांत चांगला त्रिकोण समभुज नाहीच. तो समद्विभुज आहे: पायाशी दोन्हीकडे ५६ अंश १४ कला, आणि माथ्याशी ६७ अंश ३२ कला. साठ-साठ-साठपेक्षा त्यात चूक शेकडा चारने कमी होते. फरक थोडा आहे, पण आमचं समतेचं प्रवचन कोसळायला तेवढा पुरे होता. त्याच पुस्तकांत पुढच्याच ओळीला लिहिलेलं असतं, की व्यवहारात समभुज त्रिकोणच घ्यावा. निदान कोणताही कोन तीसच्या खाली आणि एकशेवीसच्या वर जाऊ देऊ नये. ‘व्यवहारात’ म्हणजे का, हे काही लिहीत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला नेमकं तिथेच अडायला होतं.

उत्तर सापडलं ते ग्रेट आर्कच्या इतिहासात. साखळी एकाच दिशेने चालत नाही. दमरगिद्याची आधाररेषा मोजून त्रिकोणांवर त्रिकोण रचत वऱ्हाडात आले, तेव्हा इथे पुन्हा जमिनीवर रेषा मोजली. कशासाठी? हिशेबाने आलेली लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी जुळतात का ते पाहायला. मग एव्हरेस्ट सातपुडा ओलांडून सिरोंजकडे गेला, तिथे १८२४-२५ मध्ये आणखी एक रेषा मोजली. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना मोजलेली रेषा आहे, आणि हिशेब दक्षिणेकडून उत्तरेला जसा जातो तसा उत्तरेकडून दक्षिणेलाही आणावा लागतो. जाताना जी बाजू पाया होती, ती येताना शोधायची बाजू ठरते.

आता तो छप्पन अंशांचा त्रिकोण उलट दिशेने वापरून बघा. पाया बदलला. एक बाजू पूर्वीइतकीच चांगली मिळते, पण दुसरीतली चूक समभुजापेक्षा शेकडा सोळाने वाढते. जाताना चार मिळवले, येताना सोळा गमावले. कोणती बाजू पाया आहे हे आधीच ठाऊक असेल तर तिच्या सोयीचा त्रिकोण काढता येतो. पण तिघींपैकी कुणावरही पाया होण्याची पाळी येणार असेल तर तिघींना सारखं ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. समभुज त्रिकोण कुणा एका बाजूसाठी सर्वोत्तम नाही. वर्गात आम्ही सांगत होतो त्याहून हे कारण वेगळं आहे आणि, आमच्या मते, जास्त पक्कं आहे. त्या गृहस्थांना पुढे भेटून हे सांगितलं. ते म्हणाले, ‘अस्सं म्हना ना मंग.’

अर्थात डोंगर काही कुणाच्या सोयीने उभे नसतात. प्रत्यक्षातले त्रिकोण वेडेवाकडेच झाले. शिवाय लॅम्बटनच्या यंत्रांवर आणि साखळ्यांवर एव्हरेस्टचा पुढे विश्वास राहिला नाही. दमरगिद्यापासून सिरोंजपर्यंतचा हा सगळा पट्टा १८३० नंतरच्या दशकात नव्या उपकरणांनी पुन्हा मोजला गेला. वऱ्हाडातल्या लोकांनी हे झेंडे आणि दिवे एकाच आयुष्यात दोनदा पाहिले असतील.

आणखी एक अडचण होती, आणि ती आम्हाला सर्वांत जास्त भावते. शाळेत शिकवतात, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. अचलपूर-मोर्शी-अमरावतीचे कोन पुरेशा बारकाईने मोजाल तर बेरीज १८० अंशांच्या वर पाच विकलांच्या आसपास भरेल. ही चूक नव्हे. जमीन गोलाकार आहे, आणि गोलावरचा त्रिकोण किंचित फुगतो. साधारण दोनशे चौरस किलोमीटरला एक विकला असं हे वाढतं. म्हणजे जमिनीवर तिन्ही बाजू अगदी तंतोतंत सारख्या केल्या तरी कोन साठ नसतात, साठच्या थोडे वर असतात. त्रिकोण जितका मोठा तितके जास्त. एक टोक उत्तर ध्रुवावर ठेवा, दोन टोकं विषुववृत्तावर एकमेकांपासून नव्वद अंशांवर. तिन्ही बाजू सुमारे दहा-दहा हजार किलोमीटर, आणि तिन्ही कोन काटकोन! समभुज आहे, पण साठ कुठेच नाही. लॅम्बटनला हे पक्कं ठाऊक होतं. कंपनीला हवे होते नकाशे. त्याला हवा होता पृथ्वीचा नेमका आकार, ती ध्रुवांशी किती चपटी आहे ते. सपाट कागदावरचा त्रिकोण आणि जमिनीवरचा त्रिकोण यांच्यात पडणारा फरक हेच त्याचं पीक होतं.

आता जरा कागदावर, म्हणजे सपाट जमिनीवर येऊ. तिन्ही धुरे सारखे असलेलं वावर आहे असं समजा, प्रत्येक धुरा १०० मीटरचा. त्यात कुठेही विहीर खणा. मध्ये खणा, कोपऱ्यात खणा. विहिरीपासून तिन्ही धुऱ्यांची काटकोनातली अंतरं मोजून बेरीज करा. ती कायम ८६.६ मीटरच येईल. गॅलिलिओचा शिष्य व्हिव्हियानी याच्या नावाने हा सिद्धांत ओळखतात. विहिरीपासून तीन कोपऱ्यांना दोऱ्या ताणल्या की वावराचे तीन तुकडे पडतात. तिघांचा पाया शंभरच, आणि तिघांचं क्षेत्रफळ मिळून पूर्ण वावर. म्हणून तिघांची उंची मिळून पूर्ण वावराची उंची. झालं सिद्ध. इथेही युक्ती चालली ती तिन्ही पाये सारखे म्हणूनच.

८६.६ हा आकडा लक्षात ठेवा. तो तुमच्या संत्र्याच्या बागेतही आहे. सहा बाय सहा मीटरवर चौकोनी लागवड केली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. तीच झाडं समभुज त्रिकोणाच्या टोकांवर लावली, ज्याला षटकोनी पद्धत म्हणतात, तर झाडाझाडातलं अंतर सहाच मीटर राहतं, पण ओळीओळीतलं ५.२ मीटर होतं, म्हणजे सहाच्या ०.८६६ पट. हेक्टरी झाडं होतात सुमारे ३२०, शेकडा पंधरा जास्त. अंतर कमी न करता जास्त झाडं! फुकट काहीच नसतं. ओळींमधली वाट अरुंद होते, ट्रॅक्टरवाला कुरकुरतो. पण आखणी करताना मजूर काय करतो ते बघा. लागलेल्या दोन खड्ड्यांवरून सहा-सहा मीटरच्या दोन दोऱ्या ताणतो, त्या जिथे मिळतात तिथे तिसरी खुंटी. युक्लिडच्या ग्रंथातली पहिल्या भागातली पहिली कृती नेमकी हीच आहे. आपल्याकडे यज्ञवेदींच्या भूमितीला शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजेच दोरी.

हाच ०.८६६ भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिला आहे, ११५० मध्ये. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. ‘लीलावती’त ते म्हणतात, वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरा, आणि त्यात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या बाजू सांगतात. संख्या अर्थातच शब्दांत बांधलेल्या: बाण म्हणजे पाच, वेद म्हणजे चार, अशा. त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौकोनाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षटकोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२, नवकोनाची ४१,०३१.

आम्ही यंत्रावर हे आकडे ताडून पाहिले. पाच आकडे शेवटच्या एककापर्यंत बरोबर. दोन चुकलेले: सप्तकोनाचा हवा होता ५२,०६६ आणि नवकोनाचा ४१,०४२. दोन्हीकडे अकरा कमी, लाखावर वीस हजारांत अकरा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाची उणीदुणी काढायला हे सांगत नाही. चूक कुठे झाली ते मोलाचं आहे. तीन, चार, पाच, सहा, आठ या आकृत्या वर्गमुळं काढत काढत गाठता येतात. सात आणि नऊ तशा गाठता येत नाहीत. नवकोनाला लागते वीस अंशांची ज्या, आणि वीस म्हणजे साठचा तिसरा हिस्सा. समभुज त्रिकोणाचा कोन घेऊन त्याचे तीन सारखे भाग करा, एवढंच मागणं आहे. पट्टी आणि कंपास घेऊन ग्रीकांपासून लोक या मागे लागले होते. ते होणारच नाही, असं पिएर वांझेल या तरुण फ्रेंच गणित्याने १८३७ मध्ये सिद्ध केलं. इकडे एव्हरेस्टची माणसं कोन विकलेपर्यंत नेमके करण्यासाठी धडपडत होती त्याच दशकात तिकडे कळलं, की साठ अंशांचे तीन भाग ही इतकी साधी गोष्ट पट्टी-कंपासच्या आवाक्याबाहेर आहे.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट इतका काळ कुणाच्या नजरेस पडली नसावी. होणार नाही ती रेघ कोण कशाला काढत बसेल? अमेरिकेत शिकवणारे इंग्रज गणिती फ्रँक मॉर्ली यांना १८९९ मध्ये आढळलं, की कोणताही त्रिकोण घ्या, कितीही वेडावाकडा, आणि त्याच्या प्रत्येक कोनाचे तीन-तीन सारखे भाग करा. प्रत्येक बाजूच्या दोन टोकांवरून, त्या बाजूला सर्वांत लगत अशा दोन रेघा निघतात. त्या जिथे मिळतात तिथे ठिपका द्या. असे तीन ठिपके. ते जोडले की समभुज त्रिकोण तयार होतो. दर वेळी.

घरी करून बघा. तालुक्यांचा नकाशा घ्या, अचलपूर, मोर्शी आणि अमरावती जोडा, कोन कोनमापकाने मोजा आणि तिनाने भागा. कंपास इथे उपयोगाचा नाही हे आता सांगायला नको. सहा रेघा, तीन ठिपके. मग दुसरा त्रिकोण मुद्दाम वाकडा घ्या, अकोला, परतवाडा आणि वरूड म्हणा. पेन्सिलीला टोक बारीक ठेवा. नाहीतर ठिपके मिलिमीटरभर सरकतात आणि मुलं म्हणतात, सरांनी फसवलं.